वैतरणेच्या फुगवट्यावर जानेवारीत गळ टाकायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीतल्या एका शनिवारी तुम्ही चौघे मित्र नाशिकरोडहून निघणार, ऊर्ध्व वैतरणेच्या फुगवट्याच्या काठावर तंबू ठोकणार आणि पहाटे पाचला ट्रकच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात गळ टाकणार. चौघांपैकी एकाला पोहता येत नाही. परदेशात लोक गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतात ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेत, म्हणून विचारताय, ‘आपल्याकडे तर बर्फही नाही, मग थंडीत धोका कसला? आणि मासा लागतो का?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की पहिला प्रश्न निम्मा सुटतो. जानेवारीत पहाटे पाचला मासा लागत नाही. म्हणजे अगदीच लागत नाही असं नाही, पण ज्या वेळेसाठी तुम्ही एवढा जीव धोक्यात घालणार, ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आहे. मी ओझरला नोकरीला होतो तेव्हापासून, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं, या भागातल्या धरणांवर गळ टाकतोय. पहिली चार-पाच वर्षं मीही पहाटेच जायचो, कारण उन्हाळ्यात पहाट चांगली असते आणि सवय तीच लागली होती. कुडकुडत बसायचं, आठ वाजता चहा प्यायचा आणि मासे नाहीत म्हणून धरणाला शिव्या देत घरी यायचं. एकदा गाडी बिघडली म्हणून दुपारपर्यंत अडकून पडलो. दोन वाजता त्याच जागी, त्याच पेंडीवर तीन सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प मासे) लागले. डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा.

कारण साधं आहे. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. रोहू, कटला, मृगळ ही आपली मंडळी ऊबदार पाण्यातली. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की त्यांचं खाणं कमी होत जातं. चिलापी तर मूळची आफ्रिकेची, तिला थंडी अजिबात सोसत नाही. मरळ चिखलाजवळ गप्प पडून राहते. त्यातल्या त्यात सायप्रिनसला थंडी मानवते, म्हणून हिवाळ्यात माझा भर त्याच्यावर. मी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडतो. इगतपुरीकडच्या धरणांवर जानेवारीच्या पहाटे काठाजवळ बहुतेक वेळा १७-१८ अंश दिसतात. रात्रभर वरचं पाणी निवतं, निवलं की जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं. हे रात्रभर चालू असतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या सुमाराला काठचं उथळ पाणी सगळ्यात गार असतं. साडेदहानंतर ऊन लागायला लागतं आणि तीन-चार फूट खोलीच्या, काळ्या गाळाच्या उथळ जागा दुपारी दोनपर्यंत दोन-तीन अंशांनी तापतात. खोलातला मासा तेव्हा तिकडे सरकतो. म्हणजे तुम्हाला खोल पाण्यात जायची गरजच नाही, दुपारी मासाच काठाशी येतो.

यात एक-दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आभाळ भरून आलं असेल तर रात्री फार गारठत नाहीत आणि सकाळी आठ-नऊलाही बरा मासा लागतो. उलट उत्तरेकडचं वारं सुटून थंडीची लाट नुकतीच आली असेल, तर पहिले दोन-तीन दिवस दुपारीही काही हाती लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासा त्या थंडीला सरावतो आणि पुन्हा खायला लागतो. माझं मोजमाप घरगुती आहे. पेपरात निफाडचा, म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहाच्या खाली गेल्याचं वाचलं आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याचे फोटो आले, की त्या आठवड्यात मी रॉड पिशवीतून काढत नाही. निफाड आणि वैतरणा यांत अंतर बरंच आहे आणि वैतरणेकडचा पारा इतका खाली जातोच असं नाही. पण लाट एकच असते.

आता बर्फाचं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारी माणसं बेफिकीर असतात असं व्हिडिओत वाटतं, पण तसं नसतं. एका माणसाचं वजन पेलायला निदान १० सेंटीमीटर जाड, स्वच्छ, काचेसारखा बर्फ लागतो. पांढरा, हवेचे बुडबुडे आणि हिम मिसळलेला बर्फ साधारण निम्माच मजबूत असतो, म्हणून तिथे दुप्पट जाडी धरतात. झऱ्याजवळ, ओढा मिळतो तिथे, बुडालेल्या झाडाभोवती बर्फ पातळ असतो. जाणकार माणूस दर थोड्या पावलांनी भोक पाडून जाडी मोजतो, गळ्यात दोन टोकदार खिळे अडकवून ठेवतो आणि बर्फ फुटून पाण्यात पडलाच तर ते बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढतो. म्हणजे बर्फ आहे म्हणून तो सावध असतो. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून आपण सावध नसतो, तुमच्या बेतातला खरा धोका इथे आहे. (आणि कधी हिमाचलात जाऊन करू म्हणाल, तर तिथल्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते.)

शिवाय आपल्याकडेही एक ‘पातळ बर्फ’ असतोच. पावसाळ्यात धरण भरतं, मग पाणी सोडत राहतात. वैतरणेचं पाणी वीज करून खाली मुंबईकडे जातं, दारणा-मुकण्याकडचं सिंचनाच्या आवर्तनाला (म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडायच्या पाण्याला) आणि पिण्याला जातं. जानेवारीपर्यंत पाणी काठापासून बरंच मागे सरकलेलं असतं आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला, पापडीसारखा दिसतो. त्या पापडीखाली गुडघाभर, कुठे कंबरभर लिबलिबीत गाळ असतो. काठावरचे लोक तिकडे फिरकत नाहीत, शहरातून आलेला माणूस मात्र पाणी जवळ दिसतं म्हणून सरळ चालत जातो. मी स्वतः एकदा मांडीपर्यंत रुतलो होतो, दोन्ही गमबूट आत राहिले ते कायमचेच.

ओळखायचं कसं? भेगा रुंद, खोल आणि त्यांच्या कडा उन्हाने वर वळलेल्या असतील, तर पापडी जाड आहे. भेगा बारीक आणि वरून किंचित ओलसर चकाकी असेल तर जाऊ नका. गुरांच्या खुरांकडे पाहा. म्हशी पाण्यावर जायला रोज एकच वाट वापरतात, ती वाट तुमचीही. खूर वीतभर खोल रुतलेले दिसले तर म्हशीलाही तिथे त्रास झालाय हे समजा. हातात पाच-सहा फुटांची काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी टोचून बघा. काठी सहज आत गेली तर मागे फिरा. नाले जिथून धरणात उतरतात त्या तोंडाशी गाळ सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकी तीच जागा माशांसाठी चांगली असते, म्हणून तिथेच माणसं अडकतात.

रुतलातच तर एक पाय जोर लावून उपटायचा नाही. तो निघत नाही आणि दुसरा आणखी आत जातो. मागे टेका, सरळ उताणे पडा, हात पसरा. वजन पसरलं की बुडणं थांबतं. मग एक पाय हळूहळू हलवत, आजूबाजूला पाणी आणि हवा शिरू देत सोडवायचा, नंतर दुसरा. सुटल्यावरही उभं राहायचं नाही, लोळत किंवा रांगत कडक जमिनीपर्यंत यायचं. बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही, दोर किंवा आडवी फळी टाकायची. बर्फ फुटलेल्या माणसाला बाहेर काढण्याची पद्धतही हीच आहे, वजन पसरायचं आणि रांगत मागे यायचं.

आता ट्यूब. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे भोई आणि आदिवासी बांधव तुम्ही पाहिले असतील. ते बसतात म्हणून आपणही बसू, असं वाटतं. त्यांना प्रत्येक जाळं कुठे आहे, बुडालेली विहीर कुठे, जुनं बाभळीचं झाड कुठे, हे पाठ असतं. धरणाच्या पोटात जुन्या गावांच्या विहिरी, बांध, कुंपणाच्या तारा अजून असतात. आणि त्यांच्यातलीही माणसं बुडतात.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरअखेर, पहाट, पाण्यावरून वाफेसारखं धुकं उठत होतं. आमच्यातला एक, पट्टीचा पोहणारा, अडकलेला गळ सोडवायला ट्यूब घेऊन गेला, काठापासून जेमतेम तीस मीटर. गळ कुणाच्या तरी जाळ्यात अडकला होता. ओढता ओढता ट्यूब कलंडली आणि तो पाण्यात पडला, पाय जाळ्यात गुंतला. सुदैवाने त्याच्या कमरेला दोर होता आणि दोराचं टोक आमच्याकडे होतं. धुक्यात तो दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता, आणि धुक्यात आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. त्याने कसाबसा पाय सोडवला, आम्ही ओढला. काठावर आल्यावर त्याने जे सांगितलं ते मला अजून आठवतं: ‘दोर हातात होता रे, पण मूठ वळत नव्हती.’ तो पाण्यात होता दहा-बारा मिनिटं. पाणी बर्फाचं नव्हतं. १७-१८ अंशांचं असेल.

असं का होतं? पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने काढून घेतं. गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड तेव्हा पाण्याखाली असलं तर तेवढ्यातच खेळ संपू शकतो. पुढच्या दहा-वीस मिनिटांत हातापायांची ताकद जाते, कारण शरीर रक्त आत, छातीपोटाकडे ओढून घेतं. अंग गारठून शुद्ध हरपणं हे त्यानंतरचं, त्याला वेळ लागतो. गोठलेल्या तळ्यात हे सगळं झपाट्याने होतं, आपल्याकडे सावकाश, पण क्रम तोच. आधीपासून तास-दोन तास पाय पाण्यात सोडून ट्यूबवर बसलेला माणूस तर निम्मा गारठलेलाच असतो. म्हणून पोहता येणं इथे फारसं कामाला येत नाही, अंगावरचं लाइफ जॅकेट येतं. ट्यूब नको, थर्मोकोलचा तराफा तर मुळीच नको. काठावरून टाका. दुपारी मासा तिथेच येतो हे वर सांगितलंच आहे. काठावर उभं राहून टाकतानाही पाणी गुडघ्याच्या वर येऊ देऊ नका.

कुणी पाण्यात पडलाच आणि बाहेर काढला, तर ओले कपडे लगेच उतरवा, कोरडं घोंगडं किंवा ब्लँकेट आधी छातीपोटाभोवती गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम, गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटून बसवू नका. आणि ‘जरा घोटभर घेतली की ऊब येते’ हा आपल्याकडचा लाडका उपाय पूर्ण विसरा. दारूने कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. थरथरणारा माणूस अचानक थरथरायचा थांबला आणि असंबद्ध बोलायला लागला तर तो बरा होतोय असं समजू नका. गाडीत घाला आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, १०८ लावा.

रात्री तंबूत राहायचा बेत मला पसंत नाही, पण तुमचं वय लक्षात घेता तुम्ही तो सोडणार नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी. तंबूत कोळशाची शेगडी न्यायची नाही, विझत आलेली, नुसते निखारे असलेली तर अजिबातच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. बर्फावर छोट्या झोपड्या टाकून मासे धरणाऱ्यांनाही हाच धोका असतो. शेकोटी बाहेर करा आणि झोपताना पाणी ओतून विझवा. रानाला आग लागली तर ती तुमच्या नावावर.

दुसरं, बिबट्या. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायची गरज नाही. संध्याकाळी आणि पहाटे पाण्याकडे एकटं जायचं नाही, बॅटरी लावून, बोलत जायचं. काठावर ओणवं बसून हात धुणारा माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. दिसलाच तर पळू नका, उभे राहा, आवाज करा, मागे मागे सरका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, फोनमध्ये ठेवा. तिसरं, घोणस. लोकांना वाटतं हिवाळ्यात साप नसतात. घोणशीचा तर हा जुगण्याचा काळ, सकाळी उन्हाला दगडांवर पडलेली असते, आणि तिचा रंग वाळलेल्या गवतात मिसळून जातो. मासेमारीला बसायला आपण नेमका उन्हातला सपाट दगडच शोधतो. बसण्याआधी काठी आपटा.

परवानगीचं थोडक्यात. बहुतेक धरणांतल्या मासेमारीचे हक्क तिथल्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. त्यांच्या माणसाला भेटा, विचारा, काही संस्था दिवसाचे पैसे घेऊन गळाला परवानगी देतात, काही देत नाहीत. लपूनछपून टाकू नका. एक तर ती चोरी आहे, आणि दुसरं म्हणजे अडचणीत सगळ्यात आधी धावून येणारा माणूस तोच असतो. गंगापूर धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, तिथे जाऊ नका. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तिथे पक्षी बघा, गळ घरी ठेवा. आणि धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रातल्या खडकांवर बसून टाकायचा मोह झाला, तर आधी आवर्तन सुटलंय का ते विचारा. दारणेचं पाणी नदीतूनच खाली नांदूर मध्यमेश्वरकडे जातं. ते सोडलं की कोरड्या खडकांवरून घोट्याइतकं, मग बघता बघता मांडीइतकं होतं.

तर तुमचा बेत मी असा बदलीन. शनिवारी रात्री जाऊच नका. रविवारी सकाळी आठला निघा, घोटीला नाश्ता करा, दहापर्यंत पाण्यावर पोचा. पहिला अर्धा तास गळ न टाकता काठ फिरा: म्हशींची वाट, गाळ, वारा. उत्तरेचं वारं असेल तर ते जिकडे वाहतंय त्या, म्हणजे दक्षिणेच्या काठाकडे वरचं तापलेलं पाणी ढकललं जातं. मात्र तो काठ दुपारनंतर डोंगराच्या सावलीत जात नाही ना ते बघा. साडेदहा ते साडेचार टाका. पाचला गाडी. सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, तेव्हा तुम्ही डांबरी रस्त्यावर असाल. निघताना घरी सांगून ठेवा कुठल्या बाजूच्या काठावर आहात, कारण धरणाच्या आतल्या बाजूला फोन लागेलच याचा भरवसा नाही.

आमिषाचं तुम्ही विचारलं नाही, पण जानेवारीत तिथेच माणसं चुकतात. उन्हाळ्यासारखा लिंबाएवढा गोळा लावू नका, हरभऱ्याएवढा लावा. मासा अर्धपोटी असला तरी तोंड उघडायला आळशी असतो. कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड, थोडा मध, तेल नाही. गार पाण्यात तेलकट गोळा घट्ट होऊन बसतो आणि त्याचा वासही सुटत नाही. गळ लहान, दोरी बारीक. सायप्रिनससाठी एक गांडूळ पुरतं. तरंगा उन्हाळ्यासारखा सटकन खाली जात नाही, नुसता कलतो, कधी थोडा आडवा होतो. तेव्हाच हलका झटका द्यायचा. पाण्यात मूठ-मूठ पेंड फेकून मासे जमवायचा प्रयत्न करू नका, एवढं खायला त्यांना भूकच नसते, पेंड तळाशी कुजते आणि जागा बिघडते.

राहिला तुमचा न पोहणारा मित्र. त्याला घरी ठेवू नका. चौघांतला तोच पाण्याला मान देतो, त्यामुळे काठी टोचत पुढे चालायचं काम त्याच्याकडे द्या. फक्त त्याला गाडीतून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत लाइफ जॅकेट घालायला लावा, दुपारी जेवतानाही. चिडवणार असाल तर चौघंही घाला, म्हणजे चिडवायला कुणी उरणार नाही.